काट्याने काढलेला काटा

पहिलं बाळंतपण सुखरूप होतं. मूल गुटगुटीत, आई खुशीत. दुसऱ्या खेपेचं बाळ जन्मताना ठीक दिसतं, पण दिवस उलटायच्या आत त्याचे डोळे आणि कातडी पिवळी पडू लागते. मग ते दूध ओढेनासं होतं, मान मागे टाकून ताठ होतं आणि आठवड्याभरात जातं. तिसऱ्याची हालचाल आठव्या महिन्यात पोटातच थांबते आणि जन्माला येतो तो पाण्याने फुगलेला, ओळखू न येणारा देह. चौथ्याची कथा तिसऱ्यासारखीच.

हा क्रम सुइणींच्या पाहण्यात होता. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे मुलं जगत नसलेल्या घरात पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे, सटवाईला नवस बोलायचे आणि एवढं करून दोष सुनेच्या पदरात टाकायचे. त्या पोरांपैकी बहुतेकांना हगवणीने, देवीने नाहीतर नाळ कापताना झालेल्या धनुर्वाताने नेलं असणार. पण पहिलं मूल धडधाकट आणि पुढची सगळी एकाच तऱ्हेने गेलेली, असं घर आजच्या डॉक्टरला सांगितलं तर तो पहिल्यांदा एकच प्रश्न विचारील: बाईचा रक्तगट निगेटिव्ह होता का?

या आजाराची लेखी नोंद १६०९ सालची आहे आणि ती एका सुइणीचीच आहे. लुईझ बुर्जुआ ही फ्रान्सच्या राणीची, मारी द मेदिचीची सुईण. तिने एका जुळ्यांच्या बाळंतपणाचं वर्णन केलं आहे. पहिलं अर्भक फुगलेलं होतं, ते लगेच गेलं. दुसरं पिवळं पडलं आणि मागाहून गेलं. एकाच आईच्या पोटी, एकाच वेळी, एकाच आजाराची दोन रूपं तिने पाहिली आणि लिहून ठेवली. डॉक्टर मंडळींनी मात्र पुढची तीनशे वर्षं हे दोन वेगवेगळे आजार मानले. फुगलेलं अर्भक, जबर कावीळ आणि जन्मतःच असणारा पंडुरोग ही तिन्ही एकाच विकाराची रूपं आहेत, हे बोस्टनमध्ये लुई डायमंड, केनेथ ब्लॅकफन आणि जेम्स बेटी यांनी १९३२ साली दाखवलं. तोही अर्धाच उलगडा होता. बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात हे कळलं, पण त्या कोण फोडतं?

शिकागोच्या रूथ डॅरो या रोगनिदानतज्ज्ञ होत्या आणि त्यांचं स्वतःचं बाळ याच आजाराने गेलं होतं. १९३८ साली त्यांनी एक दीर्घ लेख लिहून तोवरची सगळी कारणं एकेक करून खोडली आणि शेवटी एकच उरलं असं सांगितलं: बाळाच्या रक्तातलं काहीतरी आईच्या शरीराला परकं वाटतं, ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते आणि ती प्रतिपिंडं वारेतून उलट बाळाकडे जातात. ते ‘काहीतरी’ म्हणजे गर्भाचं हिमोग्लोबिन असावं हा त्यांचा तर्क चुकला. बाकी सगळं बरोबर होतं. प्रयोगशाळेतला एकही नवा पुरावा हाताशी नसताना केवळ विचाराने इथवर पोचलेली ही बाई वैद्यकाच्या इतिहासात तळटीपेपुरती उरली, याचं मला वैषम्य वाटतं.

पुरावा पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधून आला. एका बाईला मेलेलं मूल झालं, फार रक्त गेलं, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ओ. तरीही तिला थंडी भरली, अंग ठणकू लागलं, जीव धोक्यात आला. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी तिचा रक्तद्रव तपासला तेव्हा तो नवऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या करत होता. एवढंच नाही, तर जुळणाऱ्या गटाच्या १०४ लोकांपैकी ८० जणांच्या पेशींशी तेच करत होता. बाळाने बापाकडून घेतलेल्या कुठल्यातरी घटकाविरुद्ध आई सज्ज झाली होती आणि नवऱ्याचं रक्त नसांत शिरताच तिच्या शरीराने त्यावर हल्ला चढवला होता. लेव्हिननी त्या घटकाला नाव दिलं नाही. ते १९४० साली कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी दिलं, ऱ्हीसस माकडावरून, ‘आरएच’ असं. माकडाच्या पेशींविरुद्ध सशांत तयार केलेला द्रव गोऱ्या न्यूयॉर्ककरांपैकी ८५ टक्क्यांच्या रक्ताशी जुळत होता. श्रेय कुणाचं यावर लेव्हिन आणि वीनर पुढे वर्षानुवर्षं भांडले. गंमत म्हणजे माकडातला तो घटक आणि माणसाच्या रक्तातला घटक हे मुळात एक नव्हेत, असं नंतर निघालं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

यंत्रणा थोडक्यात अशी. तांबड्या पेशींवर डी नावाचं प्रथिन असलं की माणूस आरएच पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि बाळाने बापाचं पॉझिटिव्ह घेतलेलं, असं झालं की गाठ पडते. नऊ महिने दोघांचं रक्त आपापल्या वाटांनी वाहतं, पण वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईकडे उतरतं. आईचं शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तोवर पहिलं बाळ बाहेर येऊन पोटभर रडलेलं असतं, म्हणून ते वाचतं. पण शरीर एकदा शिकलेलं विसरत नाही. पुढच्या खेपेला पोटात पुन्हा पॉझिटिव्ह बाळ आलं की त्याच्या पेशींचा चाहूलभर संपर्कही पुरतो. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, तिथे पेशी फोडतात. रक्त कमी होऊन हृदय थकलं की अंगात पाणी भरतं. जन्मापर्यंत तगलंच तर फुटलेल्या पेशींचं पिवळं द्रव्य साचून मेंदूत शिरतं.

युरोपात शंभरात पंधरा माणसं निगेटिव्ह असतात, आपल्याकडे साधारण पाच. म्हणजे आपल्याकडे अशा बायका कमी, पण जी निगेटिव्ह आहे तिला नवरा पॉझिटिव्हच मिळण्याची शक्यता युरोपातल्या बाईपेक्षा जास्त. कुंडलीत याचं घर कुणी ठेवलेलं नाही.

ही प्रतिपिंडं सापडायला अवघड होती, कारण त्यातली बहुतेक पेशींना नुसती चिकटतात, गुठळी करत नाहीत. केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्सनी, जे शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर, रॉबर्ट रेस आणि आर्थर मूरंट यांच्यासोबत १९४५ साली त्यावर तोड काढली: सशांत तयार केलेलं, माणसाच्या प्रतिपिंडांनाच पकडणारं प्रतिपिंड. आज गरोदरपणाच्या कागदांवर ‘आयसीटी’ म्हणून जी तपासणी लिहिलेली असते ती हीच, कूम्ब्सची अप्रत्यक्ष चाचणी. यातले रॉबर्ट रेस आपल्याला आणखी एका कारणाने जवळचे. मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगावेगळा रक्तगट मांडला, तो पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या लेखावर रेस यांचंही नाव आहे. पुढे परळला केईएमच्या आवारात रक्तगटांची संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, ती वाढून आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. एरवी कुणाच्याच रक्ताशी न जुळणारी गरोदर बाई आजही शेवटी तिथल्या दारात येते.

कारण कळलं, पण उपाय काय? पहिला उपाय रोखठोक होता. बाळाचं रक्तच बदलायचं. न्यूयॉर्कच्या हॅरी वॉलरस्टाइननी १९४६ साली नवजात बाळाचं रक्त काढत काढत दुसरं भरलं. बोस्टनच्या डायमंडनी त्यासाठी नाळेच्या शिरेतून प्लास्टिकची बारीक नळी घालायची पद्धत बसवली. दहा-वीस मिलिलिटर काढायचं, तेवढंच घालायचं, असं तासन्‌तास. मेंदूपर्यंत जाणारी कावीळ त्यामुळे खूप आटोक्यात आली.

काविळीवरचा दुसरा उपाय एका नर्सने शोधला. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. मोकळी हवा चांगली या समजुतीने त्या उन्हाळ्यात बाळांना अंगणात नेत. १९५६ साली एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकं होतं, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकला गेलेला तिकोनी तुकडा गडद पिवळाच राहिला होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खिडकीत विसरलेल्या नळीतल्या रक्तातला पिवळेपणाही उतरतो आहे. तिथल्या डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निळ्या दिव्यांचा पाळणा बनवला, १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि आज जिल्हा रुग्णालयापासून सगळीकडे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाळं त्या उजेडात निजलेली दिसतात. आपल्या आज्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरत, त्यात तथ्य होतं. फक्त प्रतिपिंडांनी आणलेल्या काविळीला तेवढं ऊन पुरत नाही.

हे झालं जन्मलेल्यांचं. पोटात मरणाऱ्याला हात कसा लावायचा? गर्भजलात पिवळा रंग उतरतो हे मँचेस्टरच्या डग्लस बेव्हिसनी १९५०च्या दशकात दाखवलं होतं. त्याचा नेमका हिशेब न्यूझीलंडमधल्या एका हट्टी डॉक्टरने बांधला.

विल्यम लायली ऑकलंडचे. तरुणपणी कॅनबेराला जॉन एक्लिस यांच्याकडे चेताविज्ञान शिकले, त्यात नाव होतं, पण १९५७च्या सुमारास परत येऊन ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये प्रसूतिशास्त्राकडे वळले. सुईने गर्भजल काढायचं, ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची घनता मोजायची आणि किती आठवडे झाले त्यानुसार आलेखावर ठिपका द्यायचा. लायलींच्या आलेखाचे तीन पट्टे होते. खालच्या पट्ट्यात ठिपका पडला तर बाळ बरं, थांबा. मधल्यात पडला तर पुन्हा तपासा. वरच्यात पडला तर थोड्याच दिवसांत बाळ जाणार. १९६१ साली हा आलेख छापून आला आणि जगभरच्या रुग्णालयांत भिंतीवर लागला. तो आलेख वाचता येणं ही एका पिढीच्या डॉक्टरांची कसोटीच होती.

वरच्या पट्ट्यातलं बाळ चौतीस आठवड्यांचं असेल तर लवकर बाळंत करता येई. अठ्ठावीस आठवड्यांचं असेल तर बाहेर काढलं तरी मरे आणि आत ठेवलं तरी मरे. लायलींना हे ठिपके पाहून चैन पडेना. मग दोन गोष्टी जुळून आल्या. गर्भजल काढताना सुई चुकून बाळाच्या पोटात गेल्याचे प्रसंग घडले होते आणि बाळाला काही झालं नव्हतं. आणि आफ्रिकेत सिकल सेलच्या मुलांना शिर सापडली नाही तर रक्त पोटाच्या पोकळीत देतात, ते तिथून रक्तप्रवाहात शोषलं जातं, असं त्यांच्या कानावर आलं. चुकून गेलेली सुई मग मुद्दाम का नाही घालायची?

आज सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ दिसतं. तेव्हा काहीच दिसत नव्हतं. लायली गर्भजलात क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडत. बाळ गर्भजल पितंच, त्याबरोबर ते औषधही पिई आणि त्याच्या आतड्यांची आकृती फोटोत उमटे. त्या आकृतीवर नेम धरायचा. आईच्या पोटातून, गर्भाशयातून, बाळाच्या पोटात एक लांब सुई, तिच्यातून नळी आणि नळीतून ओ निगेटिव्ह रक्ताच्या घट्ट पेशी थेंबाथेंबाने. पहिली तीन बाळं गेली. चौथं सप्टेंबर १९६३ मध्ये जिवंत जन्मलं. नोव्हेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख आला. जन्माआधी माणसावर केलेला हा पहिला यशस्वी उपचार. गर्भ हाही एक रुग्ण आहे, त्याला औषधपाणी करता येतं, ही कल्पना त्या दिवशी व्यवहारात आली. लायलींना ती इतकी मनापासून पटली की पुढे ते गर्भपातविरोधी चळवळीचे म्होरके झाले. त्यांच्या त्या भूमिकेशी सहमत न होताही त्या सुईचं मोल मान्य करता येतं.

तरी हे सगळे उपाय आग लागल्यावरचे. आग लागूच न देण्याची युक्ती निघाली ती फुलपाखरांमुळे.

लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क हे वैद्य. छंद फुलपाखरं पाळण्याचा. स्वॅलोटेल जातीच्या नर-मादीला हातात धरून त्यांचा संकर घडवण्यात ते वाकबगार होते. त्यातून त्यांची गाठ अनुवंशशास्त्रज्ञ फिलिप शेपर्डशी पडली. काही फुलपाखरं विषारी जातींची हुबेहूब नक्कल करतात. त्यांचे पंख, शेपूट, रंग वेगवेगळ्या पण एकमेकांना घट्ट चिकटलेल्या जनुकांवर ठरतात, असं या दोघांचं म्हणणं. आरएच गटाची जनुकंही तशीच चिकटून असतात, असं रोनाल्ड फिशर यांनी पूर्वीच सुचवलं होतं. म्हणजे फुलपाखरांचा प्रश्न आणि माणसाच्या रक्ताचा प्रश्न एकाच जातीचा निघाला. क्लार्कनी आपल्या तरुण सहकाऱ्याला, रोनाल्ड फिन यांना, आरएचवर काम दिलं.

फिनच्या हाताशी जर्मनीतली एक नवी चाचणी होती. क्लायहाउअर आणि बेटके यांनी १९५७ साली दाखवलं होतं की आम्लात आईच्या पेशी फिकट, भुतासारख्या होतात, बाळाच्या गडद राहतात. आईच्या रक्तात बाळाच्या पेशी मोजता येऊ लागल्या आणि त्या बाळंतपणातच सर्वांत जास्त येतात हे दिसलं. त्याच मोजणीत एक जुनं कोडंही सुटलं. बाळाचा एबीओ गट आईशी जुळत नसेल तर आरएचचा त्रास क्वचितच होतो, हे लेव्हिननी १९४३ साली नोंदवलं होतं. आता कारण दिसलं. ओ गटाच्या आईकडे ए गटाविरुद्ध प्रतिपिंडं आधीपासूनच तयार असतात. ती बाळाच्या पेशी आल्या आल्या साफ करतात आणि आईच्या शरीराला आरएचचा धडा गिरवायला वेळच मिळत नाही.

मग ज्या बाईला निसर्गाने हे संरक्षण दिलेलं नाही, तिला आपण द्यावं. बाळंत होताच तिला बाहेरून डी-विरोधी प्रतिपिंडं, म्हणजे ‘अँटी-डी’, टोचायची. ती बाळाच्या पेशी नाहीशा करतील आणि तिचं शरीर स्वतः काही शिकणार नाही. फिननी ही कल्पना फेब्रुवारी १९६० मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांसमोर मांडली. क्लार्क असंही सांगत की त्यांची बायको एका रात्री त्यांना उठवून म्हणाली, मग त्यांना अँटी-आरएचच द्या ना. दोन्ही गोष्टी खऱ्या असायला हरकत नाही.

कल्पनेत एक विलक्षण उलटापालट आहे. जे प्रतिपिंड बाळं मारतं तेच आईला आधी देऊन बाळं वाचवायची. आणि ते आणायचं कुठून? ज्या बायकांची बाळं गेली होती त्यांच्याच रक्तात ते भरपूर होतं. पहिल्या प्रयोगांसाठी लागलेला रक्तद्रव याच आयांनी दिला. आपल्याला जे आता उपयोगाचं नाही, ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिलं. त्या आयांची नावं फारशी कुठे नोंदलेली नाहीत.

लिव्हरपूलचा पहिला प्रयोग फसला. त्यांनी आयजीएम जातीची मोठी प्रतिपिंडं टोचली आणि स्वयंसेवक उलट जास्तच संवेदित झाले, म्हणजे त्यांची शरीरं स्वतःच प्रतिपिंडं तयार करायला शिकली. आयजीजी जातीची छोटी प्रतिपिंडं वापरल्यावर मात्र जमलं.

अटलांटिकपलीकडे, या मंडळींचा पत्ता नसताना, तीच कल्पना तिघांना सुचली होती: कोलंबिया विद्यापीठातले प्रसूतितज्ज्ञ व्हिन्सेंट फ्रेडा, त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी जॉन गॉर्मन आणि न्यू जर्सीच्या ऑर्थो कंपनीतले विल्यम पोलॅक. गॉर्मनना ती एका पाठ्यपुस्तकात सापडली. तयार प्रतिपिंड सोबत दिलं तर शरीर स्वतः प्रतिपिंड तयार करत नाही, असं थिओबाल्ड स्मिथ १९०९ साली लिहून गेले होते. प्रयोग गरोदर बाईवर करायची कुणाची छाती नव्हती. निगेटिव्ह पुरुषांना पॉझिटिव्ह रक्त टोचून पाहावं असं ठरलं आणि ते पुरुष मिळाले हडसन नदीकाठच्या सिंग सिंग तुरुंगात. कैद्यांची संमती घेतली होती. तरीही तुरुंगातली संमती किती मोकळी असते, हा प्रश्न मनात राहतोच; आजच्या नियमांत तो प्रयोग बसला नसता. निकाल स्वच्छ लागला. ज्यांना आधी प्रतिपिंड टोचलं त्यांच्यात कुणीही संवेदित झालं नाही, बाकीच्यांतले बहुतेक झाले. पुढच्या फेरीत पेशी आधी आणि प्रतिपिंड मागाहून दिलं. तुरुंगात वरचेवर जायची परवानगी नव्हती म्हणून दोन भेटींत तीन दिवसांचं अंतर पडलं, असं सांगतात. प्रतिपिंड तरीही लागू पडलं. आज जगातली प्रत्येक निगेटिव्ह बाळंतीण जी सूचना ऐकते, बहात्तर तासांच्या आत इंजेक्शन, ती त्या तुरुंगाच्या वेळापत्रकातून आली आहे. पेशी-विज्ञानाचा असा काही काटेकोर नियम नाही. उशीर झाला तरी द्यावंच, असं आता मानतात.

गॉर्मनच्या लंडनमधल्या भावजयीला १९६४च्या सुरुवातीला बाळंतपणानंतर हे इंजेक्शन मिळालं, न्यूयॉर्कहून पाठवलेलं. पहिल्या काही बायकांतली ती एक. त्याच वर्षी लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत आयांवर चाचण्या सुरू झाल्या आणि १९६८ साली अमेरिकेत औषधाला परवाना मिळाला. उपचाराशिवाय शंभरातल्या सोळा आया संवेदित होत, ते प्रमाण दोनाच्या आसपास आलं. उरलेल्या दोघी बाळंतपणाआधीच, गरोदरपणात, संवेदित होतात, हे कॅनडातल्या विनिपेगच्या जॉन बोमननी दाखवून दिलं. म्हणून अठ्ठावीसाव्या आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि प्रमाण हजारात दोघींपर्यंत उतरलं. क्लार्क, फिन, फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक या पाचांना १९८० साली लास्कर पुरस्कार विभागून मिळाला. नोबेल मिळालं नाही. वैद्यकातल्या मोठ्या विजयांची यादी निघते तेव्हा या औषधाचं नाव क्वचितच येतं. टळलेलं संकट लक्षात राहत नाही, हे त्याचं कारण असावं.

इथे गोष्ट सुखान्त करून थांबता आलं असतं. पण आयर्लंड आहे.

औषध माणसाच्या रक्तातून येतं, म्हणजे रक्तातलं बाकीचंही त्याच्यासोबत येऊ शकतं. १९७६ साली आयर्लंडमध्ये एका गरोदर बाईवर उपचार चालू होते. ती स्वतः आरएच-संवेदित होती आणि तिच्या बाळाला वाचवायला तिचा प्लाझ्मा वारंवार काढून बदलला जात होता. तो काढलेला प्लाझ्मा, तिला न विचारता, राष्ट्रीय रक्तसेवेने अँटी-डी बनवायला वापरला. नोव्हेंबरात तिला कावीळ झाली. रक्तसेवेला ते कळलं, तरीही प्लाझ्मा वापरात राहिला आणि पुढच्या वर्षी इंजेक्शन घेतलेल्या बायका पिवळ्या पडू लागल्या तरी माल परत बोलावला गेला नाही. विषाणूला तेव्हा नाव नव्हतं. आज आपण त्याला हेपटायटिस सी म्हणतो. कॉर्कच्या रक्तपेढीतल्या डॉ. जोन पॉवर यांना रक्तदात्यांत हेपटायटिस सी असलेल्या बायका निगेटिव्ह गटाच्याच का, असा प्रश्न पडला आणि १९९४ साली सगळं उघड झालं. हजारावर बायकांना संसर्ग झाला होता. सुदृढ बाळाच्या ओढीने घेतलेल्या एका सुईने त्यांना दुखरे सांधे, न संपणारा थकवा आणि काहींना यकृताचा नाश दिला. त्यातल्या ब्रिजिड मॅकोल या न्यायासाठी झगडल्या आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये गेल्या. त्यानंतर माजी सरन्यायाधीश फिनले यांच्या न्यायाधिकरणाने १९९७ साली रक्तसेवेवर थेट ठपका ठेवला. पूर्व जर्मनीतही १९७८-७९ साली असाच दूषित माल हजारो बायकांना टोचला गेला होता. बाळं वाचवण्याच्या घाईत आयांची काळजी मागे पडते, ही चूक नुसती तांत्रिक नव्हे.

या औषधाला बहुतेक ठिकाणी अजून कारखान्यात मूळ नाही, दातेच लागतात. त्यात आणखी एक पेच आहे. औषधामुळे संवेदित आया जवळपास नाहीशा झाल्या, म्हणजे त्याचा मूळ झराच आटला. म्हणून निगेटिव्ह पुरुषांना मुद्दाम पॉझिटिव्ह पेशी टोचून त्यांच्यात प्रतिपिंडं तयार करतात आणि त्यांचा प्लाझ्मा घेतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत त्यांना परक्यांचं रक्त मिळालं आणि ऋण फेडायचं म्हणून ते अठराव्या वर्षापासून रक्तदान करू लागले. त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी भरपूर निघालं. २०१८ साली वयाच्या ८१व्या वर्षी थांबवलं तोवर त्यांनी ११७३ वेळा दान केलं होतं. सुया टोचल्या जाताना ते दुसरीकडे बघत; स्वतःच्या हातात जाणारी सुई पाहणं त्यांना कधीच जमलं नाही. २०२५ साली ते गेले. मेलबर्नमध्ये त्यांच्या आणि इतर दात्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत प्रतिपिंड वाढवायचा प्रयत्न सुरू आहे. ठाणे-मुंबई परिसरातल्या भारत सीरम्स या कंपनीने दात्यांशिवाय बनवलेलं मोनोक्लोनल अँटी-डी आधीच बाजारात आणलं आहे आणि ते आपल्याकडच्या अनेक प्रसूतिगृहांत वापरलं जातं.

आणि जी बाई आधीच संवेदित झाली आहे? तिला इंजेक्शनाचा काही उपयोग नाही. कधी गर्भपातानंतर कुणी ते दिलेलं नसतं, कधी पहिलं बाळंतपण गावी झालेलं असतं आणि गट तपासलेलाच नसतो, कधी रक्त चढवताना चूक झालेली असते. तिच्यासाठी लायलींची वाट पुढे बरीच रुंद झाली. १९८०च्या दशकात लंडनचे चार्ल्स रॉडेक आणि पॅरिसचे फर्नांड डाफो यांनी रक्त थेट नाळेच्या शिरेत द्यायला सुरुवात केली, त्यामुळे अगदी फुगलेलं बाळही सावरू लागलं. गर्भजल काढायची गरज २००० साली जवळजवळ संपली. जांकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीतून रक्त किती वेगाने धावतं हे डॉपलरने बाहेरून मोजलं तरी पंडुरोग ओळखता येतो. पातळ झालेलं रक्त जोरात धावतं. बाळाचा गट आता आईच्याच रक्तातून कळतो, कारण डेनिस लो यांनी १९९७ साली आईच्या प्लाझ्मात बाळाचा डीएनए शोधला.

डीखेरीज इतर प्रतिपिंडांकडेही आता नजर ठेवावी लागते, विशेषतः केल नावाच्या घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडाकडे. ते फिरत्या पेशी फोडण्याऐवजी नव्या पेशी जन्मायच्या आतच मारतं, म्हणून पिवळेपणा फारसा दिसत नाही आणि लायलींचा आलेख तिथे फसतो. आईची प्रतिपिंडं वारेतून जाऊच न देणारं निपोकॅलिमॅब नावाचं औषध २०२४ साली तेरा गरोदर बायकांवर तपासल्याचा अहवाल आला. पूर्वी ज्यांची बाळं फार लवकर धोक्यात आली होती अशा त्या बायका. त्यातल्या सात जणींची बाळं पोटात रक्त न चढवता बत्तीस आठवड्यांच्या पुढे जिवंत जन्मली. आता मोठ्या चाचण्या चालू आहेत.

तोवर मुंबई-पुण्याच्या गर्भवैद्यक केंद्रांत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉपलर होतं, वेगाचा आकडा नेहमीच्या दीडपटीच्या वर गेला की ओ निगेटिव्ह रक्ताची पिशवी मागवली जाते आणि सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत कुणीतरी नाळेच्या शिरेवर सुई धरतं.